बांधाच्या आतलं विमान

रविवार, ८ फेब्रुवारी २०२६. नळाला पाणी उशिरा आलं. कामवाली आली नाही, भांडी मीच घासली. सकाळी पार्किंगमध्ये सोसायटीची सभा. काळुराम म्हात्रे सभेतून उठून गेला. मागोमाग मीही उठले.

माझी डायरी एरवी एवढ्यावर संपते. लग्नाआधीपासून लिहिते आहे आणि त्यात राग, रुसवे लिहायचे नाहीत असा माझा नेम आहे. घडलं ते लिहायचं. पण आज जे घडलं ते तीन ओळींत मावणारं नाही. म्हणून हे वेगळ्या कागदावर.

आमची सोसायटी ठाकुर्लीची, रेल्वेलाइनीपासून जरा आत. इथे पूर्वी भातशेती होती आणि ती म्हात्र्यांची होती. बिल्डरने जमीन घेतली, बदल्यात काळुरामला दोन फ्लॅट आणि खाली एक गाळा दिला. गाळ्यात मोबाइलचं दुकान आहे, त्याचं भाडं येतं. गळ्यात जाड चेन, आवाज असा की चौथ्या मजल्यावर ऐकू यावा. कुणी म्हणेल, याला काय कमी आहे! मीही सुरुवातीला तसंच म्हणत होते. पण आयुष्यभर चिखलात उभा राहिलेला माणूस पन्नाशीत लिफ्टसमोर येऊन उभा राहतो, तेव्हा त्याच्या हातांनी करायचं काय? पहिली दोन वर्षं तो गेटवर बसून वॉचमनशी भांडला. मग कुणाच्या तरी लग्नात त्याने रिमोटवरचं विमान बघितलं आणि त्याच्या दिवसाला उद्योग सापडला.

विमानं तो स्वतः करतो. मोटर, पंखा, बॅटरी विकत आणतो, बाकी सगळं घरचं. रस्त्यावरच्या खांबांना भाऊ-दादांच्या वाढदिवसाचे पन्हाळी प्लास्टिकचे बोर्ड लावतात ना, वाढदिवस उलटला की ते उतरवून आणतो आणि कापून पंख करतो. हलके असतात, पडले तरी मोडत नाहीत. त्यामुळे त्याच्या विमानांवर कुठे अर्धी मिशी असते, कुठे "शुभेच्छुक" एवढंच.

"भाऊंना निवडून कुनी दिला नाय, काकू," तो मला म्हणाला होता, "पन वर मीच नेला!"

आता नियमांचं. सोसायटीतले लोक बोलतात ते असं, की जणू एक दांडगा माणूस मनाला येईल तसं काहीतरी हवेत भिरकावतो. मी पहिल्या मजल्यावर राहते. माझी बाल्कनी सोसायटीच्या मैदानाकडे उघडते. मी इतकी वर्षं बघते आहे, म्हणून सांगते.

उडवण्याआधी काळुराम विमान बगलेत मारून मैदानाला पूर्ण फेरी घालतो. मैदान चौकोनी आहे, पण त्याची फेरी चौकोनी नसते. झोपाळ्यापाशी तो एकदम डावीकडे वळतो, पाण्याच्या टाकीच्या अलीकडे थांबतो, मग तिरका चालत बाकापर्यंत येतो. मला वाटायचं, पाय दुखत असेल. एकदा विचारलं, तर म्हणाला, "बांध हाय ना तिथं."

बांध! फरशा बसल्या, झोपाळे आले, वर हिरवं प्लास्टिकचं गवत अंथरलं, आणि हा माणूस अजून आपल्या शेताच्या बांधावरून चालतो. त्या बांधाच्या आत तो विमान उडवतो. बाहेर कधीही नाही. इमारतीवरून नाही, रस्त्यावरून नाही, रेल्वेच्या तारांकडे तर अजिबात नाही. फेरी मारताना आत मूल दिसलं, म्हातारं माणूस दिसलं, तर ते जाईपर्यंत बाकावर बसून राहतो. वारा बघायला काठीला बांधलेली लाल चिंधी फार फडफडायला लागली की विमान परत घरी. संक्रांतीत मांज्यामुळे बंद. घारी खाली आल्या की बंद. पोलिसांचा मनाई आदेश निघालाय का, ते आधी चौकीवर विचारून येतो. आधी रिमोट चालू करायचा, मग विमानाची बॅटरी जोडायची, हा क्रम तो देवपूजेसारखा पाळतो. बॅटरी चार्ज करतो ती बाल्कनीत, वाळू घातलेल्या मडक्यात, आणि ती पूर्ण होईपर्यंत तिथून हलत नाही. बायको म्हणते, "माझ्या बाळंतपनात एवडा बसला नवता." उतरवताना तर सगळ्या सोसायटीला हाळी: "येतंय खालीऽ! पोरांना धराऽ!"

हा त्याचा धिंगाणा. आणि या धिंगाण्याविरुद्ध जानेवारीच्या सुरुवातीला लिफ्टजवळ नोटीस लागली: सोसायटीच्या आवारात ड्रोन अथवा तत्सम यंत्र उडवण्यास सक्त मनाई.

तक्रार शिवानीची होती. माझ्या समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते, बाळ लहान आहे. तिला दिसलं की विमानाच्या पोटाला काळी, गोल, चकचकीत लेन्स आहे आणि ते तिच्या खिडकीसमोरून वळताना आत बघतं. तिचा मला राग नाही. बाळाला पाजत बसलेल्या बाईला बाहेर डोळा दिसला तर ती घाबरणारच, आणि तिने घाबरावंच. मला राग आहे तो विनीतचा. विनीत आमचा चेअरमन, मोठ्या कंपनीत मॅनेजर आहे, बोलायला अतिशय गोड. काळुरामचं घर त्याच्या खालीच आहे. दोन जिने उतरून त्याने एकदा विमान हातात घेऊन बघितलं असतं, तर तिथेच मिटलं असतं. नाही. त्याने नोटीस टाइप केली, ग्रुपवर टाकली आणि खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं.

काळुरामने नोटीस वाचली आणि विमान माळ्यावर ठेवलं. तोंडाने काय काय म्हणाला ते लिहीत नाही, पण उडवलं नाही. "सभा होऊ दे," म्हणाला. "मी दाखवीन ना त्यांना."

तेवढ्यात सव्वीस जानेवारी आली. झेंडावंदन, मग सत्यनारायणाची पूजा, मग जेवण. आणि मैदानात अख्खी सोसायटी जमलेली असताना डोक्यावर मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखा आवाज. कमिटीने शूटिंगला ड्रोन बोलावला होता. चार पंख्यांचा, खाली खराखुरा कॅमेरा. तो पंगतीवरून गेला. पोरांच्या डोक्यावरून गेला. खांबाखांबांना लाइटच्या माळा बांधलेल्या, त्यांच्या मधून गेला. खिडक्यांसमोरून वर चढत गेला, शिवानीच्याही. उडवणारा मुलगा खुर्चीवर बसून हातातल्या पडद्याकडे बघत होता. वर बघतच नव्हता.

काळुराम हातातलं ताट ठेवून उठला. "उतरव तो! खाली मान्सां हायत! उतरव आधी!"

"काळुशेठ, तुमचं बंद आणि आमचं चालू, म्हणून जळू नका हो," कुणीतरी म्हणालं. लोक हसले. विनीतही हसला. मी त्याला विचारलं, "अरे, आज झेंड्याचा दिवस. पोलिसांचा काही आदेश आहे का, हे पाहिलंस का?"

"काकू, तो प्रोफेशनल आहे. त्याला माहीत असेल."

ड्रोन पडला नाही. कुणाला लागलं नाही. आणि मला सर्वांत जास्त चीड याचीच येते की काही झालं नाही म्हणून कुणाला काही वाटलंच नाही. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर व्हिडिओ आला, खाली टाळ्याच टाळ्या. आम्हाला कॉन्व्हेंट शाळेत शिस्त फार. छड्याही खाल्ल्या आहेत. पण जो नियम मुलीला, तोच सिस्टरला. घंटा झाल्यावर सिस्टरही बोलत नसत. एकाला लावायचा आणि दुसऱ्याला नाही, त्याला नियम म्हणत नाहीत, त्याला मर्जी म्हणतात.

तर आजची सभा.

काळुराम धुतलेला पांढरा शर्ट घालून आला. बगलेत विमान. विषय निघाल्यावर उभा राहिला आणि विमान उलटं करून टेबलावर ठेवलं. सगळे वाकून बघायला लागले. पंखाखाली कुणा भाऊंचा अर्धा चेहरा होता. अर्धं कपाळ, एक कान आणि काळ्या गॉगलची एक गोल काच.

शिवानीच आधी हसली. "हाच! अहो, हाच तो कॅमेरा!" डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "काका, सॉरी हं. मी तेव्हा महिनाभर पडदे ओढून बसले होते या माणसामुळे."

"तुजा काय चुकला नाय गो," काळुराम म्हणाला. "मना पन त्याचा गॉगल बगून भीतीच वाटते."

सगळी सभा हसत होती. मला वाटलं, संपलं. आता विनीत म्हणेल, बरं, नोटीस काढतो. मी उठून म्हटलं, "विनीत, तक्रार करणारीचं समाधान झालं आहे. काळुराम पाळतो तेच नियम लिहून लावा. माणसं खाली असताना उडवायचं नाही, नजरेआड न्यायचं नाही, मैदानाबाहेर जायचं नाही. त्याच्या विमानाला लावा आणि सव्वीस जानेवारीच्या ड्रोनलाही लावा."

विनीतने मान डोलावली. डोलावतो तो नेहमीच. मग म्हणाला, "काकू, पॉइंट छान आहे. कमिटीने पण पॉझिटिव्ह विचार केलाय. काळुशेठ, तुम्ही असं करा. याला एक कॅमेरा लावून घ्या. पुढच्या वर्षीपासून फंक्शनचं शूटिंग तुम्हीच करा, सोसायटीसाठी सेवा म्हणून. मग रोज उडवा मैदानात, कोण अडवतंय?"

मी ऐकलं ते खरंच ऐकलं का, असं वाटून मी शेजारणीकडे बघितलं. कॅमेरा आहे म्हणून बंदी घातली होती. कॅमेरा नाही हे टेबलावर उलटं पडलेलं दिसतंय. आणि आता कॅमेरा लावलास तर परवानगी! शिवानीचा चेहरा उतरला होता. आजूबाजूला मात्र माना हलत होत्या. सोय झाली होती ना सगळ्यांची.

काळुरामने विमान उचललं. तो ओरडेल असं मला वाटलं, पण त्याचा आवाज इतका खाली मी कधी ऐकला नव्हता.

"जेवत्या मान्सांच्या डोक्यावरून मी नाय उडवनार. कोनाच्या खिडकीत क्यामेरा घेऊन नाय जानार."

"मग नोटीस राहील, काळुशेठ. सगळ्यांच्या सेफ्टीचा प्रश्न आहे."

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "मी सातबारा मागत नवतो. मी निस्ता बांधाच्या आतला वारा मागत होतो."

आणि गेला. "काळुशेठ सेंटी झाले," मागून एक जण म्हणाला. मी उठले. जाताना विनीतला म्हटलं, "तुला सेफ्टी हा शब्द लिहिता येतो, एवढंच." म्हाताऱ्या बाईचं बोलणं म्हणून त्याने तेही हसण्यावारी नेलं.

तो जिन्यात बसला होता, विमान मांडीवर. मोहने गावाच्या पुढे मोकळी जागा आहे, तिथे जात जा, असं मी सुचवलं. म्हणाला, "ते कोनाचं तरी शेत हाय, काकू."

मग एकदम आठवल्यासारखं म्हणाला, "एक बारका केलाय मी. फुलक्याएवडा वजन. घरातल्या घरात उडते. पन आमच्या हॉलमधे पलंग हाय, कपाट हाय, जागाच नाय."

माझा हॉल लांबट आहे. हे गेल्यापासून त्यात मी आणि एक सोफा. "घेऊन ये," मी म्हटलं.

संध्याकाळी आला. बाळाला कडेवर घेऊन शिवानीही आली. काळुरामने इथेही फेरी घातली, टीव्हीपासून दारापर्यंत, आणि हुकूम सोडायला सुरुवात केली. "पंखा बंद. खिडक्या बंद. काकू, सोफा भिंतीला लावूया. शिवानी, तू दारात उभी ऱ्हा, बाळाचा हात बाहेर नको. कोन हलायचा नाय!" मग रिमोट, मग बॅटरी. तोच क्रम.

खाऊच्या कागदासारखं पातळ ते विमान त्याच्या तळहातावरून सुटलं आणि दिव्याखालून वळलं. बाळ मान फिरवत राहिलं. दोन वळणं झाली की भिंत, दोन वळणं झाली की भिंत. "येतंय खाली, पोरांना धरा," काळुराम म्हणाला, पण हळू, घरातल्या आवाजात. ते गालिच्यावर टेकलं. शिवानीने टाळ्या वाजवल्या.

मी नाही वाजवल्या. कुणी म्हणेल, चला, शेवट गोड झाला. अजिबात नाही. खिडकीच्या काचेबाहेर त्याचं शेत होतं, रिकामं, दिवे लागलेलं, एकही माणूस नाही, आणि ज्याने ते नांगरलं तो माझ्या हॉलमध्ये घाम पुसत, पंखा बंद करून, दोन भिंतींच्या मध्ये कागद फिरवत होता. पुढच्या सभेत मी हा विषय पुन्हा लेखी देणार आहे, आणि त्याच्यापुढच्या सभेतही. "काकू, उद्या येऊ?" जाताना त्याने विचारलं. रोज ये, म्हटलं.

ते गेल्यावर डायरीत आजच्या तारखेखाली आणखी एक ओळ लिहिली: सोफा भिंतीला लावला, आता तिथेच राहील; खाली दोन सुपाऱ्या आणि एक चहाचा चमचा सापडला.