चंद्रप्रभाबाईंचा खरोखर बिघडलेला माइक

चंद्रप्रभाबाई एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन फलटणजवळच्या एका खेड्यातून दिल्लीला आल्या. आज त्या सदुसष्ट वर्षांच्या आहेत आणि मयूर विहारमधील एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांचे यजमान अण्णासाहेब केंद्र सरकारच्या एका कार्यालयात दफ्तरी होते. फाइली बांधणे आणि मागितलेली फाइल वेळेवर काढून देणे, हे त्यांचे काम. बाईंनी घरी शिवणाचे मशीन घेतले आणि चाळीस वर्षे आसपासच्या बायकांचे ब्लाउज शिवले.

बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यामुळे मापे वहीत न उतरता दोरीवर उतरत. प्रत्येक बाईची एक दोरी असे. छातीच्या मापाला एक गाठ, कंबरेला दोन, बाहीला तीन. आणि दोरीच्या टोकाला त्याच बाईच्या कापडाची चिंधी, ओळखीसाठी. अशा दीडशे दोऱ्या भिंतीवरच्या खिळ्यांना लटकत असत. एकीचे माप दुसरीच्या अंगावर गेले, असे चाळीस वर्षांत एकदाही घडले नाही.

पुढे गुडघ्यांनी पायडल मारण्यास नकार दिला आणि मशीन बंद झाले. तेव्हा बाई तिथल्या मराठी मंडळाच्या प्रौढ साक्षरता वर्गात जाऊ लागल्या. अक्षरे त्यांनी शिवणासारखीच शिकली, म्हणजे उसवून पुन्हा घालत. दोन वर्षांत त्या दुकानांच्या पाट्या वाचू लागल्या, मग वर्तमानपत्रातील मोठी अक्षरे, मग लहान.

या वर्गाची तोंडी परीक्षा पुण्याच्या एक परीक्षक बाई, स्वरूपाताई, कॉम्प्युटरवरून घेतात. पडद्यावर उतारा येतो आणि विद्यार्थ्याने तो मोठ्याने वाचायचा असतो. बाईंच्या घरी मुलाचा, विक्रांतचा, जुना कॉम्प्युटर होता. त्याला कॅमेरा नव्हता, स्वतःचा माइकही नव्हता. कानांवर घालायचा हेडफोन आणि त्याला ओठांपुढे येणारी माइकची काडी, एवढाच आवाजाचा रस्ता.

एप्रिलमध्ये पहिल्या परीक्षेच्या दिवशी बाई वेळेवर बसल्या. उतारा आला. पहिला शब्द ‘विहीर’ होता. बाईंनी तो मनात चार वेळा वाचला, चारही वेळा बरोबर. परंतु तोंडाबाहेर तो निघेना. परक्या माणसाला आपले वाचन ऐकू जाणार, हा विचारच आड येत होता. तिकडून स्वरूपाताई विचारत राहिल्या, की आवाज येत नाही, माइक चालू आहे ना? बाई ‘विहीर’वर बोट ठेवून बसून राहिल्या. वेळ संपली. बाहेर येऊन त्यांनी अण्णासाहेबांना सांगितले, “माइकच बिघडला.”

आयुष्यात बाई फारशा खोटे बोलल्या नव्हत्या, त्यामुळे कोणालाही शंका आली नाही. वर्गाने पुण्याला तसेच कळवले. विक्रांतने चांगला हेडफोन बाईंच्या देखत कचऱ्याच्या डब्यात टाकला. सून सुखदाने नवा आणून दिला. दुसरी तारीख मिळाली ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराची. ही संधी गेली, तर नियमाप्रमाणे वर्ग पुन्हा पहिल्यापासून करावा लागणार होता.

त्या दिवशी सव्वादहा वाजता बाईंनी नवा हेडफोन कानांवर घातला आणि माइक खरोखरच चालेना.

सुखदा गुरुग्रामला आयटी कंपनीत नोकरी करते. विक्रांत आणि ती तिकडेच राहतात. तिला अण्णासाहेबांच्या मोबाइलवरून फोन लावला, तेव्हा ती मेट्रोत होती. बाईंना वाचता यावे म्हणून तिनेच कॉम्प्युटरची भाषा मराठी करून दिली होती. तिने एकेक गोष्ट करवून घेतली. पिन काढून पुन्हा घाला. कॉम्प्युटर बंद करून चालू करा. परीक्षेच्या पानाला माइक वापरण्याची परवानगी आहे का, पाहा. काडीवरचे बटण दाबले तर गेले नाही ना? बाईंनी सगळे केले.

“आई, आता आवाजाच्या सेटिंगमध्ये काय लिहिलंय, वाचा बरं.”

“इनपुट उपकरण आढळले नाही,” बाईंनी वाचले.

“अच्छा. म्हणजे त्याला माइक दिसतच नाहीये. ऐकू येतंय का काही?”

“उजव्या कानात बारीक येतं. डावा कान बंद आहे.”

काल त्यावर पाणी वगैरे सांडले का, असे सुखदाने विचारले. बाई म्हणाल्या, नाही. आणि ते खरे होते. मग मेट्रो बोगद्यात शिरली आणि फोन तुटला.

साडेदहा वाजून गेले होते. अण्णासाहेबांनी सुचवले की मोबाइलवरूनच वाचावे. पण परीक्षेचा आवाज आणि उतारा एकाच यंत्रावरून नोंदवावा लागे, आणि मोबाइलवरची अक्षरे बाईंना मुंग्यांसारखी दिसत. तेव्हा अण्णासाहेब म्हणाले, “मग वर्गाच्या बाईंना फोन करतो. माइक चालत नाही म्हणून कळवतो. आपला काय दोष?”

“नका करू.”

“अगं, खरंच बिघडलाय ना?”

“म्हणूनच नका करू.”

अण्णासाहेबांना त्याचा अर्थ लागला नाही. चौतीस वर्षे सरकारी कचेरीत काढलेल्या माणसाला लेखी कळवण्यासारखे दुसरे औषध ठाऊक नसते. बाईंच्या मनात मात्र एकच गोष्ट घोळत होती. ज्या वाक्याआड त्या एप्रिलमध्ये लपल्या, तेच वाक्य आज खरे होऊन दारात उभे होते; आणि ते पुण्याला पुन्हा पाठवण्याचे तोंड त्यांना उरले नव्हते. पाठवले असते, तर तिकडे कोणी हसले नसते. पण बाईंना स्वतःला ते ऐकवले नसते.

त्यांनी पिन पुन्हा बाहेर काढली, पुन्हा घातली आणि बोट तिथेच ठेवले. हेडफोनची पिन कॉम्प्युटरच्या उभ्या डब्याच्या माथ्यावरील एका बारीक भोकात वरून घालावी लागे. बोटाला पिनेची सोनेरी कड लागत होती. ती लागायला नको होती. परवापर्यंत पिन काळ्या टोपणापर्यंत आत जात असे.

मशीनची सुई पूर्ण वरपर्यंत बसली नाही की टाके सुटतात. बाहेरून सर्व नीट दिसते, कापडावर मात्र टाका पडत नाही. पुष्कळ नव्या बायका त्यासाठी मशीनला दोष देतात, दोरा बदलतात. बाई आधी सुई चाचपून पाहत.

“अहो, काल मी याची पूजा केली,” त्या हळूच म्हणाल्या.

दसऱ्याला त्या दरवर्षी मशीनची पूजा करीत. यंदा, आता पाटी-पुस्तकाच्या जागी हेच आहे, म्हणून कॉम्प्युटरलाही हळदकुंकू लावले, झेंडूचे फूल ठेवले आणि माथ्यावर अक्षता वाहिल्या. मशीनच्या बाबतीत त्यांचा एक रिवाज होता. दुसऱ्या दिवशी पहिला टाका घालण्यापूर्वी खालची पट्टी उघडून, ब्रशने अक्षता झाडून, तेलाचा थेंब द्यायचा. कॉम्प्युटरचे त्यांनी फक्त फूल उचलले होते. झाडायला हात लावण्याची भीती वाटली होती.

कॉम्प्युटर बंद करून सगळ्या तारा काढल्या. अण्णासाहेबांनी डबा उचलून उलटा धरला. बाईंनी मशीनचा जुना ब्रश भोकाभोवती फिरवला आणि तळहाताने डब्यावर हलके थापटले. काही पडले नाही. पुन्हा थापटले. टेबलावर कुंकवाने लाल झालेला, आखूड असा आंबेमोहोराचा एक दाणा पडला.

“पुण्याचा तांदूळ,” अण्णासाहेब म्हणाले. “इथली लांबलचक बासमती वाहिली असतीस, तर शिरलीच नसती.”

“आधी तो डबा खाली ठेवा. अकरा वाजत आलेत.”

तारा पुन्हा लावण्यात वेळ गेला. दोन तारांची अदलाबदल झाली, ती काढून पुन्हा घातली. पिन घातली तेव्हा बोटाला सोनेरी काहीच लागले नाही. पडद्यावर माइकचे नाव उमटले आणि त्याखालची रेघ बाईंच्या श्वासागणिक हलू लागली. त्या परीक्षेच्या पानावर पोहोचल्या, तेव्हा अकरा वाजून चार मिनिटे झाली होती.

स्वरूपाताईंनी विचारले, “चंद्रप्रभाबाई, आज माइक ठीक आहे ना?”

उतारा पडद्यावर आला होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिले नाही.

“आज ठीक आहे. आणि एप्रिलमध्येही ठीकच होता, ताई. माझ्याच तोंडून शब्द फुटला नाही. मी खोटं सांगितलं.”



“मला माहीत होतं,” स्वरूपाताई म्हणाल्या. “आधी मलाही माइकच वाटला, पण मग तुमचा श्वास ऐकू आला. मागे कुकरच्या तीन शिट्ट्याही झाल्या. बिघडलेल्या माइकमधून शिट्ट्या कशा येतील?”

“मग तुम्ही तसं लिहिलं का नाही?”

“मी एवढंच लिहिलं की यांना पुन्हा बोलवावं. आता वाचा. घाई करू नका.”

उतारा बाजाराविषयी होता. बाईंनी पहिली ओळ वाचली तेव्हा स्वतःचाच आवाज कानात आलेला ऐकून त्या थबकल्या, आणि मग पुढे गेल्या. दोन ठिकाणी अडखळल्या. जोडाक्षर आले की बोट पडद्यावर ठेवून त्या ते दोन टाक्यांत घेत. पूर्ण उतारा वाचायला त्यांना सहा मिनिटे लागली. त्या उत्तीर्ण झाल्याचे स्वरूपाताईंनी तेव्हाच सांगितले.

हेडफोन उतरवून बाईंनी मागे पाहिले. अण्णासाहेब दारात उभे होते. तिकडचे बोलणे त्यांना ऐकू आले नव्हते, इकडचे सर्व आले होते.

“म्हणजे विक्रांतने टाकला तो हेडफोन चांगला होता?”

“चांगला होता.”

अण्णासाहेबांनी टेबलावरचा लाल दाणा उचलला आणि गॅलरीत चिमण्यांच्या वाटीत टाकला.

“त्याला मी सांगू, का तू सांगतेस?”

“रविवारी येतील दोघं,” बाई म्हणाल्या. “मीच सांगेन.”