'खंय' न विचारणारा पहारेकरी

तारकर्लीला आमच्या शाळेच्या कॅडेट पथकाचा कॅम्प होता. साठच्या दशकातली गोष्ट, मी दहावीत... आणि कॅम्प संपताना एकाच मुलाच्या दंडावर सार्जंटची फीत लागणार होती. ती मलाच मिळणार, असं मी आईला आधीच सांगून आलो होतो!

आम्हाला शिकवायला घाटावरचे एक सुभेदार आले होते. पहाऱ्याचा त्यांचा नियम साधा. ओळखीचा असो वा अनोळखी, येणाऱ्याला थांबवायचं, 'कोण?' विचारायचं आणि मग 'कुठे चाललात?'

माझ्या सेक्शनमध्ये बाबल होता, मासेमारी करणाऱ्या घरातला. पेजेची खळ घालून त्याचा खाकी गणवेश असा कडक असायचा की बघत राहावं. म्हणून होड्यांकडे जाणाऱ्या वाटेवर मी त्यालाच लावायचं ठरवलं. सकाळी तिथेच तपासणी होती ना...

संध्याकाळी तो हळूच म्हणाला, "माका जमाचा नाय रे. दर्यार चललल्या माणसाक 'खंय' म्हणान कोण इचारता?"

आता हे मला काय नवीन होतं? आमच्या घरीही अपशकुन नको म्हणून बाहेर निघालेल्याला कुणी 'कुठे' विचारत नसे, फार तर 'लांब निघालात?' म्हणत. पण मी सेक्शनचा म्होरक्या! "हुकूम तो हुकूम," म्हणालो आणि झोपायला गेलो.

उजाडता उजाडता खांद्यावर वल्ही घेतलेला एक माणूस त्या वाटेनं आला. बाबलनं त्याला थांबवलं, 'कोण?' विचारलं... आणि बाजूला होऊन वाट दिली. सुभेदार मागेच उभे होते.

"हा सेक्शन कोणाचा?"

हुकूम मोडणाऱ्याला कॅम्पमधून घरी पाठवत. 'मी सांगितलं होतं सर, त्यानंच ऐकलं नाही,' हे वाक्य अगदी जिभेवर होतं. खोटंही नव्हतं! बाबल समोर बघत ताठ उभा होता, माझ्याकडे त्यानं नजरसुद्धा वळवली नाही.

कसं कोण जाणे, मी म्हणालो, "सर, तो विचारणार नाही हे मला काल माहीत होतं. तरी मीच त्याला इथे लावला."

मला वाटलं, आता काही खरं नाही. पण सुभेदारांना वेगळंच कुतूहल. का विचारत नाहीत? मी चाचरत सगळं सांगितलं. मग ते बाबलकडे वळले, "तो माणूस कोण होता?"

"बापूस माझो, साहेब."

'मग ते कुठे गेले, तुला कसं कळणार?' या सुभेदारांच्या प्रश्नावर बाबल म्हणाला, "जेवान घेवक नाय. म्हणजे लांब जावचे नाय. दुपारपर्यंत येतले."

सुभेदारांनी त्या वाटेवरचा 'कुठे' तिथल्या तिथे काढून टाकला. बाबल कॅम्पमध्ये राहिला. मला मात्र सुनावलं, "हे काल संध्याकाळी येऊन सांगायला काय झालं होतं?" फीत दुसऱ्या सेक्शनच्या मुलाला गेली.

त्या दुपारी होडी दिसेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. 'कुठे' असं कुणीच विचारलं नव्हतं, तरीही! वडील किनाऱ्याला लागले तेव्हा बाबल खुशाल शेंगदाणे खात होता. माझं तोंड बघून म्हणाला, "तुका काय झाला रे?"

पुढे नोकरीत बरीच माणसं हाताखाली आली. कुणाला कुठल्या कामावर लावण्याआधी 'तुला काही अडचण?' एवढं विचारायची सवय मात्र बाबलमुळे लागली, त्याचे आभार मानायचे राहूनच गेले.

फीत हुकल्याचं तेव्हा फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू... पण बाबलला घरी पाठवून ती दंडावर लावली असती, तर आज ही गोष्ट सांगायला मला तोंड उरलं नसतं.