अख्खं आगर एका फोटोत

कॅमेरा डोळ्याला लावला की तो मागं सरकायचा. एक पाऊल, दोन पावलं, दोन्ही कोपरं कोंबडीच्या पंखांसारखी बाहेर काढून. तोंडानं एकच चालू, "बसत नाय, काका. बसत नाय." असाच सरकत सरकत आमच्या मिठागराच्या बांधावरून तो दोनदा खाडीच्या चिखलात बसला. कॅमेरा मात्र दोन्ही वेळा डोक्यावर धरलेला. फोटो काढणारे तुम्हीही पाहिले असतील. चिखलातून हसत वर येणारा मी हा एकच पाहिला.

माझ्या मुलाचा हा दोस्त धाटावला केमिकल कंपनीत कामाला. पहिली शिफ्ट सुटली की त्याची मोटारसायकल थेट आमच्याकडं, कासूच्या बाजूला खाडीकाठी. ज्या मिठागरात माझा जन्म गेला ते मालकानं विकलं होतं. आता मातीचे डंपर येणार होते. त्याआधी खाडीचं पाणी आत घ्यायच्या उघाडीपासून पार मिठाच्या राशीपर्यंत अख्खं आगर एका फोटोत धरून देईन, असा शब्द त्यानं मला दिला होता.

पण त्याच्या लेन्सीत अर्धंच मावायचं. कॅमेरा नवा होता, मिररलेस.

"ह्यात आरसा नसतो, काका."

"मग भांग कशात पाडतोस?"

त्यानं हेल्मेट काढून टक्कल दाखवलं. "गरजच नाय."

त्या कॅमेऱ्याला बसणारी वाइड लेन्स अजून यायची होती. दुसऱ्या कंपनीची चालत नाही म्हणे, तोंड वेगळं. येणार येणार म्हणून कॅमेऱ्याच्या कंपनीनं मोबाइलवर यादी टाकलेली. ना नाव, ना किंमत, नुसती काळी आकृती. ती तो मला रोज दाखवायचा.

"हा तर लोटा," मी म्हटलं.

"लोटाच हाय. पण ह्यात तुमचं आगर मावेल."

माझी सून म्हणाली, "भावजी, मोबाइलात मावतं की सगळं."

"मावतं, वहिनी. पण भिंतीएवढं केलं की फुटतं."

एकदा त्यानं पाच फोटो जोडून एक लांबलचक फोटो करून आणला. सगळं होतं त्यात. पण बांध सापासारखा वाकडा. तो बांध मी दोरी लावून घातलेला. मी म्हटलं, "हा माझा बांध नाय. घेऊन जा." तो रागावला नाही. फोटोची गुंडाळी करत म्हणाला, "व्हय काका, चुकलंच. लेन्स येईपर्यंत थांबू."

तेव्हा मी गप्प बसलो असतो तर त्यानं तसाच, तुकड्यातुकड्यांनी का होईना, अख्ख्या आगराचा नीट फोटो काढून ठेवला असता. हे मला मागाहून कळलं.

लेन्स लांबली, डंपर काही लांबले नाहीत. उघाडीकडून माती पडायला लागली. तो यायचा, मोबाइल बघायचा, डंपर बघायचा, चहा न पिता जायचा. दिवाळीला येणार होती ती लेन्स होळीला आली. तोवर अर्धे वाफे गेले होते.

उन्हं कलताना तो भरावावर उभा राहिला. पहिल्यांदाच तो मागं सरकला नाही. फोटो दाखवला, तर माझी रास मुठीएवढी.

"एवढीशी?"

"ह्या लेन्सीत लांबचं बारीक दिसतं, काका. जवळचं मोठं. तुम्ही या पुढं." आणि फावडं घेऊन मी उभा राहिलो तर तोच एक पाऊल पुढं आला, हात लागेल इतका जवळ.

त्या फोटोत मी आहे, उरलेलं आगर आहे, बांध सरळ आहे. आणि माझ्या पायाशी, वाफ्यातल्या मिठावर, त्याची सावली पडली आहे, कोपरं पसरलेली.

"ही पुसून टाकतो," तो म्हणाला.

"पुसायची नाय. अर्धं आगर पुसलं ते काय कमी हाय?"

पावसाच्या आधी त्याची कंपनी गुजरातला हलली, तोही गेला. परवा फोन आला. "काका, आणखी वाइड येतेय."

"आता काय मावायचं राहिलंय?"

तो म्हणाला, "हिकडं पण मिठागरं हायत."

आगराच्या जागी आता तारेचं कुंपण आहे. फोटो आमच्या ओटीवर आहे, दाराएवढा. येणारा जाणारा मला ओळखतो, राशीला ओळखतो, मग खाली सावलीकडं बोट दाखवून विचारतो, हा कोण पडलाय मिठावर?

मी सांगतो, तो पडलेला नाय. पुढं आलाय.