पाइपच्या पोटातला दाब

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत माझं काम एकच: पाइप न कापता, न भोकसता, आतला दाब बाहेरून मोजायचा. दाब वाढला की पाइप किंचित फुगतो, डोळ्यांना दिसणारही नाही इतका. वर बांधलेल्या पट्टीला ते कळतं. बाबांच्या मते हे सगळे रिकामटेकड्यांचे उद्योग.

बाबा संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. गेल्या वर्षी तिथल्या नळाची धार करंगळीएवढी झाली, मग थेंबांवर आली. खाली मात्र धो धो पाणी. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याने बाबा बादल्या वर नेऊ लागले, तेव्हा मी हट्टच धरला की माझ्या क्वार्टरमध्ये राहायला चला. ते भांडले नाहीत, मुकाट्याने हो म्हणाले. तो होकार ऐकून मी सामान बांधायच्या आधी प्लंबर बोलावला.

प्लंबर म्हणाला, पाइप सडलाय, भिंत फोडा. भिंत शेजाऱ्यांशी सामाईक, ते कशाला फोडू देतात! म्हणून रविवारी मीच पट्टी घेऊन गेले.

"आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" बाबा म्हणाले. "आणि ही तुझी पट्टी देवाचं पाणी बाटवणार तर नाही?"

"बाहेरूनच बांधायची आहे, बाबा. आतल्या पाण्याला पत्ताही लागत नाही."

"तब ठीक है," बाबा गल्लीतल्या हिंदीत म्हणाले.

वरचा नळ उघडा ठेवून मी खालून एकेक मजला दाब घेत वर आले. आकडा चांगला खणखणीत होता. तिसऱ्या मजल्यावर, आईच्या घडवंचीच्या पलीकडे, तो एकदम पडला. हंडे ठेवायची ती घडवंची आई गेल्यापासून बाबांनी कुणाला हलवू दिली नव्हती. आज त्यांनीच एक बाजू धरली.

मागे चुन्याने लिंपलेला कॉक निघाला, जेमतेम उघडा. बाबा खालीच बसले.

"तुझ्या आईचं काम हे, मी विसरूनच गेलो होतो. सोवळ्यात पाणी भरताना पायांवर शिंतोडे उडायचे, की पुन्हा आंघोळ. म्हणून तिने हा आवळून ठेवला. तेव्हा जोर इतका होता, की एवढ्यातही भागायचं."

पुढे गल्लीतला जोर थोडा घटला; खाली तो पुरला, या जेमतेम उघड्या कॉकमधून मात्र पुरेना. आई गेली, तिचं सोवळं मात्र चालूच राहिलं. मला हसू आलं आणि रडूही आलं.

मी कॉकला तेल घातलं, पाना हातात घेतला. बाबांनी तो माझ्याकडून काढून घेतला.

"मी खोलतो. ती असती तर मला एक बादली उचलू दिली नसती."

नळ दोनदा खोकला आणि भरभरून वाहू लागला. बाबांनी धारेखाली हात धरला.

"तुझ्याकडे येईन," ते म्हणाले, "पण पाहुणा म्हणून. संध्याकाळी परत यायच्या बोलीवर."