कुठे निघालात?

मला नसत्या चौकशा फार. मस्कतला आमच्या शेजारच्या घरात वकिलातीत नोकरी करणाऱ्या एक अमेरिकन बाई राहायला आल्या, तेव्हापासून मला एकच कुतूहल: या दिवसभर करतात तरी काय? आज सूर गावाला, उद्या इब्री गावाला, गाडी आपली पळतेय. शेवटी कुंपणावरून विचारलंच.

"कॉफी पिते आणि लोकांचं ऐकते," त्या म्हणाल्या.

घ्या! याचा पगार मिळतो?

मग पगारही विचारला. वय, नवरा, मुलं का नाहीत, सगळं. पगार सोडून बाकी सगळं त्यांनी हसत सांगितलं. दर दोन-तीन वर्षांनी नवा देश, नवं घर, तेही सरकारी. मस्कत शेवटचं, मग निवृत्ती. "मग तुमचं स्वतःचं घर कुठे?" यावर मात्र त्या नुसत्या माझ्या हातचे पोहे खात राहिल्या. मला चुटपुट लागली. एवढं जग फिरलेली बाई, आणि परत जायला जागा नाही?

त्या कायमच्या निघाल्या त्या सकाळी सासूबाईंनी मला आधीच दम भरला. "निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून टोकायचं नाही. काम बिनसतं. आज तोंडाला कुलूप लाव."

मी बाईंच्या तळहातावर दही-साखर ठेवली आणि मुकाट उभी राहिले.

बाई गाडीशी थबकल्या. "आज काहीच विचारणार नाहीस?"

मी आमची रीत सांगितली. निघताना कुणी टोकलं, तर पाऊल मागे घ्यायचं. आत येऊन बसायचं, पाणी प्यायचं, मगच निघायचं.

"मग विचार ना," त्या म्हणाल्या. "मला जायचंच नाहीये गं."

डोळे भरले होते त्यांचे. सासूबाईंना इंग्रजी येत नाही. त्यांनी माझा दंड धरला, "काय म्हणतेय ती?" मी सांगितलं.

जन्मात कधी कुणाला न टोकलेल्या सासूबाई दोन पावलं पुढे झाल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "काय हो बाई, कुठे निघालात?"

ड्रायव्हर "यल्ला, मॅडम, चला" म्हणत राहिला. बाई चपला काढून आत आल्या, आमच्या सोफ्यावर बसल्या. मी पाणी आणलं. ते त्या अगदी सावकाश प्यायल्या.