तंटा क्रमांक सात

उचगावच्या वर्षाराणीने राज्यशास्त्रात डॉक्टरेट केली ती भांडणांवर. घरचे म्हणायचे, भांडण शिकायला कॉलेज कशाला, भावकी आहे की. ती हसायची आणि कामाला लागायची. पेठ वडगावकडच्या गावांतले कोर्टाची पायरी न चढता मिटलेले तेवीस तंटे तिने हुडकून काढले आणि ते कसे मिटले, यावर प्रबंध लिहिला. त्यानंतर अकरा वर्षं ती कोल्हापुरातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होती. आता कायम जागेची मुलाखत दहा दिवसांवर आली होती. वय बेचाळीस. ही जागा हुकली तर पुढची निघेपर्यंत आपण पन्नाशीला टेकणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तेवढ्यात एक दिवस वर्गात अक्षता उभी राहिली. एम.ए.ची मुलगी, फारशी न बोलणारी.

"मॅडम, तुमच्या प्रबंधातला सात नंबरचा तंटा आमचा हाय. सरुबाई माझी आजी. तुमी तंटा मिटला म्हणून लिवलंय, पण आमची वाट अजून बंदच हाय."

सात नंबर हे तिचं लाडकं प्रकरण. बौद्धवाड्याकडे जाणारी वाट गावातले बडे शेतकरी हंबीरराव यांनी आपल्या शेतात अडवली, बैठक बसली, आणि पुढे सरुबाईंनी स्वतःच्या तोंडाने तिला सांगितलं, "मिटलं की." या दोन शब्दांवर तिने अख्खं प्रकरण उभं केलं होतं.

घरी येऊन तिने जुनं रेकॉर्डिंग लावलं. आधी कपबश्यांचा आवाज. मग हंबीररावांचा: "सरुबाई, मिटलं न्हवं?" आणि मग ते दोन शब्द. हंबीररावांचं वाक्य तिने तेव्हा फालतू म्हणून गाळलं होतं. का नाही गाळणार? ते तिच्या आईच्या नात्यातले, तिचे मामा. महिनाभर ती त्यांच्याच घरी जेवली, त्यांच्याच गाडीतून फिरली, आणि लोकांना बोलतं करायला त्यांनीच आपल्या घराच्या पुढच्या सोप्यात बोलावून घेतलं. वाट अडवणारा दारात खुर्ची टाकून बसलेला, आणि ही शहाणी म्हातारीला विचारत होती, तुमचं समाधान झालं का? तिला स्वतःची इतकी लाज वाटली की रेकॉर्डिंग तिने पुन्हा लावलंच नाही.

रविवारी मामांना न कळवता ती थेट सरुबाईंच्या दारात गेली. "आजी, माझं चुकलं. मी आता खरं काय ते लिहिते. मुलाखतीतही सांगते."

सरुबाई शेंगा फोडत होत्या. "आता नगो, बाई. तवाच एकट्या आला असतासा तर सांगितलं असतं. आता परत उकरून काढशीला आन् कोल्हापूरला जाशीला. आमाला हितंच ऱ्हायचं हाय. पोरगं त्येंच्याच ट्रॅक्टरवर हाय."

परतताना वर्षाराणीला वाईट वाटलं, आणि आत कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं. त्या सुटकेचंच तिला जास्त भय वाटलं. आपण गप्प बसणार ते म्हातारीसाठी की नोकरीसाठी, हे तिचं तिलाच सांगता येईना.

मुलाखतीत नेमकं सात नंबरचंच कौतुक झालं. "आभारी आहे, सर," एवढंच ती म्हणाली. जागा मिळाली. उचगावात पेढे वाटले गेले, मामा फेटा घेऊन आले.

पुढच्या महिन्यात तिने अंतर्गत चाचणीचे पेपर तपासायला घेतले. प्रश्न सहकाऱ्याने काढलेला होता: सामोपचाराने मिटलेल्या एका स्थानिक संघर्षाचे उदाहरण लिहा. अक्षताने सात नंबर लिहिला होता. वाट, बैठक, हंबीररावांचा मोठेपणा, सरुबाईंचं समाधान, सगळं प्रबंधात होतं तसं, शब्दाला शब्द. खाली संदर्भ म्हणून मॅडमचं पूर्ण नाव.

उत्तरात चूक काढायला जागा नव्हती. वर्षाराणीने दहापैकी दहा दिले.