बर्फात नेलेलं रक्त

बायकोच्या पोटात गाठ होती. अंगावरून इतकं जायचं, की बोंबील सुकत घालता घालता मधीच खाली बसायची. शेवटी बोईसरच्या दवाखान्यात दाखल केली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उद्या ऑपरेशन. पण हिची दाढ काढली तेव्हा दोन दिवस रक्त थांबलं नव्हतं म्हणता. आधी रक्त नीट गोठतं का ते बघायचं. त्या रिपोर्टाशिवाय मी चाकू लावणार नाही."

प्लेटलेट मोजून झालेल्या, भरपूर निघाल्या. पण त्या काम करतात का, ते बघायचं मशीन पालघरला. नर्सनं हिच्या रक्ताच्या निळ्या टोपणाच्या नळ्या माज्या हातात दिल्या नि सांगायला लागली, "काका, ह्या नेताना..."

मी तिला पुरतं बोलू दिलं तर ना! म्हटलं, "बाय, जन्मभर मासळी नेतोय. माल खराब नाय होऊ देणार."

बाहेर मासळीबाजारात ओळखीच्याकडनं थर्माकोलचा डबा घेतला. खाली बर्फ, वर बर्फ, मधी बायकोचं रक्त. शाळेत गेलो असतो तरी येवढं डोकं चाललं नसतं, असं मलाच वाटलं. रिक्षात दोनदा झाकण काढून बघितलं. रंग ताजा होता.

पालघरच्या लॅबवाल्यानं डबा उघडला नि माज्याकडं बघितलं.

"पापलेट आहे का?"

"नाय, बायको हाय."

तो हसला नाय. "थंडीनं प्लेटलेट बिघडतात. हे सगळं फेकायचं. पाचच्या आत ताजं रक्त आणा, नाहीतर उद्याचं ऑपरेशन विसरा."

दोन वाजलेले. उद्याचं चुकलं तर डॉक्टरीणबाई आठवडाभर नव्हत्या, नि हिचं अंगावरून जाणं तर थांबतच नव्हतं.

परत बोईसर. शीर सापडंना. नर्सनं तीनदा टोचलं. बायको पांढरीफटक, तरी मला म्हणते, "अवो, ह्या टायमाला मीठ लावून नेताय काय?"

मला हसू आलं नाय. नळ्या सदऱ्याच्या आत छातीशी धरल्या. हलवायच्या नाय, गार करायच्या नाय, हे नर्सनं माज्याकडनं तीनदा वदवून घेतलं. रस्त्यावर टँकरची रांग. खड्डा आला की मी बूड उचलून हवेत. रिक्षावाला ओरडला, "काका, बैठो ना!" मी म्हटलं, "तू गाडी देख, मेरेको मत देख."

पाचला वीस कमी असताना पोचलो.

मशीनवर एक रेघ वर चढायला पायजे होती. ती अर्ध्यातच बसली. लॅबवाल्यानं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. रिपोर्ट घेऊन मी परत आलो, तर त्या म्हणाल्या, "बरं झालं बघितलं. प्लेटलेट आहेत, पण आळशी आहेत. तसंच कापलं असतं तर रक्त आवरलं नसतं."

बायको पडल्यापडल्या म्हणाली, "भरपूर हायेत नि काम करत नायत? मंग ह्यांच्याकडनंच लागलंय."

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्यांच्या प्लेटलेटच्या पिशव्या मागवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळचं ऑपरेशन दुपारी धरलं. पिशव्या चढवल्या नि तिला आत नेलं. मी दाराबाहेर. दोनदा नर्स बाहेर आली, दोनदा पळतच आत गेली. तिसऱ्यांदा आली तवा मी तिची वाटच अडवली. ती म्हणाली, "थांबलं रक्त. गाठ निघाली."

मी उभा होतो म्हणतात. मला आठवतंय ते येवढंच, की वॉर्डबॉय नि नर्स मला फरशीवरनं उचलत होते, नि नर्स म्हणत होती, "काका, आता तुम्हाला कुठं ठेवू, बर्फात?"